शेळीच्या लेंडीतले तांदूळ

जालना जिल्ह्यात शेळ्या राखणाऱ्या मुलांना विचारा. करडाच्या लेंड्यांवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे कण त्यांतल्या काहींनी तरी पाहिलेले असतात. हे कण म्हणजे मोनिएझिया या पट्टकृमीचे गळून पडलेले, अंड्यांनी भरलेले खंड. खुद्द कृमी लहान आतड्यात असतो आणि काही मीटर लांब वाढू शकतो. त्याला तोंड नाही, आतडेही नाही. शीर्षावरच्या चार चूषकांनी तो आतड्याला धरून राहतो आणि करडाने पचवलेले अन्न सर्वांगातून शोषून घेतो.

पण तो आत शिरतो कसा? हा प्रश्न फार जुना आहे. असे कृमी शरीरात आपोआप निर्माण होतात, असे एकोणिसाव्या शतकापर्यंत अनेक विद्वान मानीत. १६८३ मध्ये एडवर्ड टायसन या इंग्रज वैद्याने पट्टकृमीचे शीर्ष कोणत्या टोकाला असते ते दाखवले. पुढे १७८२ मध्ये गोत्से या जर्मन अभ्यासकाला प्राण्यांच्या शरीरात आढळणाऱ्या पाणीदार पुट्यांतही तसेच शीर्ष दिसले. मग पुटी आणि पट्टकृमी ही एकाच जीवाची दोन रूपे तर नव्हेत?

याचा पडताळा फ्रीडरिख क्युखेनमायस्टर या जर्मन डॉक्टराने घेतला. १८५५ मध्ये त्याने डुकराच्या मांसातील पुट्या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला त्याच्या नकळत खाऊ घातल्या. फाशीनंतर कैद्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी सापडले. उत्तर मिळाले, पण माणसाला न विचारता केलेला असा प्रयोग आज कोणी समर्थनीय मानणार नाही.

म्हणजे पट्टकृमीला दोन घरे लागतात. मांसाहारी यजमानाचे कोडे सुटले. पण शेळी तर मांस खात नाही! तिच्या कृमीचे दुसरे घर कोणते? ते १९३७ मध्ये अमेरिकेच्या होरेस स्टंकार्ड यांना सापडले: माती आणि गवतात राहणारे, टाचणीच्या टोकाएवढे माइट. ते कृमीची अंडी खातात, त्यांच्या शरीरात बाल्यावस्था वाढते आणि गवताबरोबर शेळी-मेंढी त्यांना नकळत गिळते.

मराठवाड्यातही या कृमींचा अभ्यास झाला आहे. १९६८ मध्ये, जालना औरंगाबाद जिल्ह्याचाच भाग असताना, मराठवाडा विद्यापीठाचे प्रा. जी. बी. शिंदे यांनी मरळ कुळातील माशात सापडलेल्या पट्टकृमीची नवी प्रजाती नोंदवली. तिचे नाव सर्कमऑन्कोबॉथ्रियम.

जंत जोराने झाले तर करडू खंगते, आणि एक करडू म्हणजे गरिबाघरची शिल्लक असते. जंताचे औषध आतल्या कृमीला मारते. कुरणातले माइट मात्र तिथेच राहतात. म्हणून तेच करडू पुन्हा बाधित होऊ शकते. वर्गात पट्टकृमीचे चित्र काढताना त्याच्याशेजारी गवताचे एक पातेही काढावे. अर्धी गोष्ट तिथे आहे.