छप्पन्नाचा दुष्काळ आणि पंडिता रमाबाई

संवत १९५६ चा दुष्काळ गुजरातेत अजूनही ‘छप्पनियो’ याच नावाने ओळखला जातो. बडोदे संस्थानची खानेसुमारी चाळली, म्हणजे हे नाव लोकांच्या तोंडी का राहिले ते कळते. १८९१ साली संस्थानची लोकसंख्या चोवीस लक्षांवर होती. १९०१ साली ती साडेएकोणीस लक्षांवर आली. त्याच दहा वर्षांत ख्रिस्ती प्रजाजनांची संख्या मात्र काही शेकड्यांवरून सात हजारांच्या वर गेली. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की पुष्कळांचा निष्कर्ष ठरलेला असतो: भुकेपोटी धर्म बदलला. आम्हांस हा निष्कर्ष सर्वस्वी खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो. कारण त्या वर्षी आपल्या सहकारी स्त्रिया धाडून गुजरातेतील शेकडो निराधार मुली ज्यांनी केडगावास आणविल्या, त्या पंडिता रमाबाई स्वतः दुष्काळातूनच वर आलेल्या होत्या.

अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थे हिंडत, पुराणे सांगत दिवस कंठीत असे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात शास्त्रीबुवा गेले, पाठोपाठ आई लक्ष्मीबाई गेल्या आणि काही काळाने थोरली बहीण कृष्णाबाई. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या. उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी थंडीत अंगावर घ्यायला काही नाही, म्हणून वाळूत खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. जवळचे द्रव्य दानधर्मात संपले होते, व्रते-अनुष्ठाने झाली होती, आणि देव बोलला नव्हता. १८७८ साली कलकत्त्यास ज्या विदुषीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या, तिची जुनी श्रद्धा वाटेतच ढासळत आली होती, हे तिच्या गौरवाच्या वर्णनांत सहसा येत नाही.

पुढे १८८० साली बंधू श्रीनिवासशास्त्री आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी वारले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. चरित्रकार येथे प्रकरण संपवितात. परंतु १९०७ च्या आत्मनिवेदनात बाईंनी निराळेच सांगितले आहे: त्या वेळी ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नव्हता, तो सापडावयास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. दुःखाने मनुष्य एका दिवसात श्रद्धावान होतो, ही भाबडी समजूत या कबुलीपुढे टिकत नाही. १८९३ साली शारदा सदनावर गहजब होऊन पालकांनी मुली काढून नेल्या. मात्र त्या वेळी त्या डगमगल्या नाहीत, याचे बीज त्या आठ वर्षांत असावे असे आम्हांस वाटते.

१८९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडताच त्या स्वतः निघाल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध. म्हणून केडगावच्या माळावर बिऱ्हाड हलले आणि ‘मुक्ती’ उभी राहिली. छप्पन्नाच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांच्या घरात गेली. शाळा, विणकाम, तेलघाणी, शेती, गुरे आणि छापखाना, सारे बायकांच्या हाती.

येथे एक शंका आम्ही दडवू इच्छित नाही. उपाशी पोरीने धर्म स्वीकारला, तर त्या स्वीकाराला संमती कितपत म्हणावे? रमाबाईंनी तीस वर्षांच्या शोधानंतर जे जोडले, ते दहा वर्षांच्या मुलीस अन्नाबरोबर मिळाले. ही दोन्ही एक नव्हेत. बाईंच्या टीकाकारांचा हा आक्षेप खोडून काढता येत नाही. पण त्या मुलीस अक्षर आणि हातास कसब देणारे दुसरे दार तेव्हा क्वचितच उघडे होते, हेही मान्य करावयास हवे.

बाई मात्र भाकरीवर थांबल्या नाहीत. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणावयाचे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि हे काम वर्षानुवर्षे चालविले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक मुलगी गेल्यावरही मुद्रिते तपासणे चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. १९२४ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांनी जुळविलेल्या खिळ्यांवर छापलेला होता.