आजीचे जाते आणि व्यायामाचा कागद

दिवाळीत जुन्नरला घरी गेलो होतो. आजीच्या उशाखाली एक घडी घातलेला कागद सापडला. फिजिओथेरपिस्टने दिलेले पाच व्यायाम, चित्रांसकट. कागद अगदी कोरा करकरीत, म्हणजे कोणी उघडलाही नव्हता.

आजी ७४ वर्षांची. खोकली, शिंकली की लघवी सुटायची. हे आईला कळायला सहा महिने लागले आणि मला कळायला तो कागद. (आजीला विचारूनच लिहितोय. "लिही, नाव नको घालू," एवढंच म्हणाली.)

"करत का नाहीस?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "आरं, जल्मभर दुसरं काय केलं म्या?"

प्रश्न बिनतोड होता. मग शनिवार-रविवार त्यातच गेला.

आजी लग्न होऊन आली तेव्हा घरात जातं होतं. पहाटे उठायचं, एक पाय पसरून बसायचं आणि खुंटा धरून दळायचं. या दळणावरच्या ओव्या गी पॉइटव्हां आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून जमवल्या, एक लाखाहून जास्त! पुढे आमच्या गावात गिरणी आली. जातं सुटलं, पण दळणाचा डबा डोक्यावर आला. शिवाय हंडा, सरपणाची मोळी. आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूला, आजही पावसाळ्यात आवणीला बायका दिवस दिवस चिखलात कमरेत वाकून असतात.

आपण शहरातले लोक याला 'नॅचरल जिम' वगैरे म्हणतो. मीही म्हणायचो. पण व्यायामात भार हळूहळू वाढवतात आणि मध्ये विश्रांती असते, स्नायू त्या विश्रांतीत भरून येतो. कष्टात भार ठरवणारा दुसराच असतो. वजन उचलताना पोटातला दाब वाढतो आणि तो खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. बाळंतपणात हेच स्नायू ताणलेले असतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, तिथल्या पेशी पातळ होतात, हाडंही विरळ होतात. म्हणजे तरुणपणी घेतलेलं कर्ज पन्नाशीनंतर वसूल होतं.

विश्रांतीची सोय आपल्याकडे नव्हती असं नाही. सव्वा महिन्याची बाळंतीण, शेक, डिंकाचे लाडू, पोट बांधणं. पण ते लाड पहिल्या, माहेरच्या बाळंतपणाला. आजीला चार मुलं. चौथ्या वेळी ती बाराव्या दिवशी शेतात होती.

'अंग बाहेर येणं' हा शब्द मी पहिल्यांदा तिच्याकडून ऐकला. शब्द आहे म्हणजे त्रास जुना आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या होत्या, तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. सगळ्या आजीसारख्याच गप्प बसलेल्या.

उपाय मात्र तोवर जुना झाला होता. अमेरिकेत डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला. मला आवडलं ते त्यांचं यंत्र. स्नायू आवळला की काटा हलायचा, म्हणजे आपण बरोबर करतोय हे बाईला दिसायचं. शुद्ध फीडबॅक लूप :) आपल्या हठयोगात मूलबंध शतकांपूर्वीपासून आहे, पण ते ग्रंथ बहुतेक पुरुष साधकांसाठी. बायकांच्या शरीराचा वेगळा विचार करून योगावर लिहिणाऱ्यांत पुण्याच्या गीता अय्यंगार महत्त्वाच्या. लहानपणी मूत्रपिंडाच्या आजाराने त्या फार खंगल्या होत्या आणि योगाने सावरल्या. १९८३ साली त्यांचं बायकांसाठीचं पुस्तक इंग्रजीत आलं. त्या वेळी आजी आमच्या विहिरीवर हंडे भरत होती. असो.

रविवारी रात्री कागद उघडून आजीला वाचून दाखवला. लघवी अडवल्यासारखा स्नायू आवळायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. फरक दिसायला तीनेक महिने लागतात हेही सांगितलं. नातवाने हे आजीला सांगायचं म्हणजे... दोघंही भिंतीकडे बघत होतो. ती म्हणाली, "आकडं नको. मी आपली ओवी म्हनते."

गेल्या आठवड्यात फोन केला. आई म्हणाली, पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या गुणगुणत असतात. मी मनातल्या मनात एक ओवी म्हणून घड्याळ लावलं. अकरा सेकंद.