वाट आधी, उद्यान नंतर

मोलेच्या राष्ट्रीय उद्यानात नदीने खडक कापून केलेली एक अरुंद घळ आहे. तिला सगळे ‘डेव्हिल्स कॅन्यन’ म्हणतात. डिचोली-पेडण्याकडची कुटुंबेही सुट्टीत मुलाबाळांसह तिकडे किंवा दूधसागराकडे पायी जातात, जमल्यास रानालगत रात्र काढतात आणि माणसाने न शिवलेले रान पाहिल्याच्या समाधानात घरी परततात. समाधान खरे असले तरी समजूत चुकीची आहे. हे रान शतकानुशतके वाट होते. वाट होते म्हणूनच पुढे ते सहलीच्या आवाक्यात आले.

पुरावा दगडातच आहे. तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ कदंबकाळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले. ते बेसाल्टचे आहे आणि तो दगड घाटावरून उतरवला असावा असे मानले जाते. इतके कोरीव काम आडरानात उभे राहते, ते जवळून राबता असल्याशिवाय नाही. डिचोली तालुक्यात हरवळ्याच्या धबधब्याजवळ जांभ्यात कोरलेली लेणी त्याहून कितीतरी जुनी आहेत, आणि साखळी तर घाटाखालची बाजारपेठच. बैलांच्या पाठीवर किनाऱ्याचे मीठ वर चढे, वरचे धान्य खाली येई. ही ने-आण करणाऱ्या लमाणांच्या तांड्यात बायकापोरे, भांडीकुंडी, म्हातारेकोतारे असे अख्खे घर चाले. मुक्काम पडे तो पाणी आणि सपाट जागा पाहून, पाऊस लागण्याआधी. पावसाळ्यात दूधसागराची वाट बंद करण्याचा हुकूम आज वनखाते काढते. पूर्वी तो हुकूम पाऊसच काढी.

पुढे १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार झाला आणि १८८८ मध्ये मुरगावची रेल्वे घाट चढून गेली. बैलांचा व्यापार मागे पडला. एका बाजूला कुळे, दुसरीकडे कॅसलरॉक, मधे दोन राजवटींची सीमा. दूधसागर बहुतेकांना दिसला तो याच गाडीच्या खिडकीतून. गोव्याच्या मुक्तीनंतर, १९६९ मध्ये, मोलेचे अभयारण्य जाहीर झाले. एकूण २४० चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला.

यावर कोणी म्हणेल, लमाण पोटासाठी चालत, आपण हौसेने. दोघांना एका माळेत का ओवता? फरक मोठा आहेच, आणि तांड्याच्या कष्टांवर रम्यतेचा मुलामा चढवणे मला मान्य नाही. पण जागा, हंगाम आणि पाण्याचा हिशेब तोच राहतो. बदलले ते एवढेच की तिथे थांबणे आता ऐच्छिक झाले.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. रान पूर्वीपासून वापरातले होते असे म्हटले, की ते आणखी वापरायला मोकळीक मिळते. उद्यानाची सीमा नसती तर मोलेचे काय झाले असते, हे पाहायला डिचोलीच पुरे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडून लोहखनिजाला मागणी आली आणि डिचोली, शिरगाव, पाळी इथले डोंगर खणले गेले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. पण कापलेला डोंगर निकालाने परत उभा राहत नाही. तेव्हा सीमा हवीच. मात्र ‘अस्पर्श’ या कल्पनेवर ती टिकणार नाही, कारण त्या कल्पनेला उत्तर सोपे असते: इथे रेल्वे आहे, रस्ता आहे, मग आणखी थोडे का नको? नेमके हेच पुढे घडले. रेल्वेचा दुसरा मार्ग, चौपदरी रस्ता आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प याच पट्ट्यातून आखले गेले. पायवाट रान सहन करते. भराव, बोगदे आणि रुंद कापणी यांचे माप वेगळे, आणि वाद मापाचाच असायला हवा. कॅसलरॉक ते कुळे या घाटातल्या दुपदरी रेल्वेला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली.