युद्धांतील विष आणि वऱ्हाडांतील कापूस

वऱ्हाड म्हणजे काळ्या मातीचा व पांढऱ्या कापसाचा प्रांत. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला, आणि अमरावती व अकोला येथील कापूस विलायतेच्या बाजारांत एकाएकीं मोलाचा ठरला. परक्यांच्या युद्धानें वऱ्हाडच्या शेतकऱ्याला दिलेली ही एक देणगी. दुसरी देणगी पुष्कळ उशिरां आली. ती मात्र बाटलींत भरून आली, आणि तिची किंमत कित्येकांनीं प्राण देऊन चुकविली.

१९३६ च्या डिसेंबरांत जर्मनींतील लेव्हरकूझेन येथें गेऱ्हार्ट श्राडर नांवाचा रसायनशास्त्रज्ञ पिकांवरील किडीचा नाश करणारें द्रव्य शोधीत होता. त्याच्या हातीं जें आलें त्यानें कीड तर मेलीच. परंतु पुढें प्रयोगशाळेंत त्याचा अल्पसा अंश सांडतांच खुद्द श्राडरची दृष्टि मंदावली व श्वास कोंडूं लागला. लष्करानें तें विष ताब्यांत घेतलें. 'टाबुन' तें हेंच. १९३८ सालीं त्याचा सोबती 'सारिन' तयार झाला. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें टाबुनचा हजारों टनांचा सांठा केला, पण रणांगणावर तो वापरला नाहीं. याच कुळांतील पॅराथिऑन हें कीटकनाशक श्राडरनेंच महायुद्धाच्या अखेरीस सिद्ध केलें, आणि युद्ध संपल्यावर अशा स्फुरदयुक्त औषधांचा प्रसार जगभर झाला. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट हीं वऱ्हाडांतील कृषिकेंद्रांतून खपत आलेलीं औषधें त्याच वंशवृक्षाच्या फांद्या होत.

या विषाची करणी एकच आहे. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंस पोंचला, कीं तो निरोप पुसून टाकण्याचें काम कोलिनेस्टरेज नांवाचें द्रव्य करीत असतें. विष त्या द्रव्यालाच जखडून टाकतें. मग निरोप थांबतच नाहीं. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, घाम व लाळ सुटते, छाती भरून येते. ॲट्रोपिन वेळेवर टोंचलें तर माणूस वांचूं शकतो. किडा, सैनिक आणि शेतमजूर यांच्यांत हें विष भेद करीत नाहीं. भेद असतो तो केवळ मात्रेचा.

२००२ सालीं भारतांत बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हां बोंडअळी संपली अशी आशा उत्पन्न झाली होती. पुढें गुलाबी बोंडअळीनें तें कवच भेदलें. २०१७ च्या खरिपांत कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली आणि फवारणीवर फवारणी सुरू झाली. पाठीवर पंप घेतलेल्या मजुराच्या तोंडावरच औषधाचा तुषार उडूं लागला. त्या हंगामांत एकट्या यवतमाळ जिल्ह्यांत वीसांहून अधिक माणसें मेलीं व शेंकडों रुग्णालयांत दाखल झालीं. अकोला व अमरावती हे जिल्हेही या आपत्तींतून सुटले नाहींत. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखालीं राज्य सरकारनें विशेष तपास पथक नेमलें, आणि नोव्हेंबरांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम या पांच जिल्ह्यांत पांच कीटकनाशकांच्या विक्रीला साठ दिवसांची बंदी घातली.

येथून खरा वाद सुरू झाला. उत्पादक म्हणाले, औषधाचा दोष नाहीं. मजुरांनीं हातमोजे व मुखवटा घातला नाहीं, आणि दोन-तीन औषधें एकत्र कालविलीं. शेतकऱ्यांचा पक्ष असा, कीं वऱ्हाडच्या उकाड्यांत तसा पोशाख अंगावर ठेवणें शक्य नाहीं, हें विकणाऱ्यास ठाऊक असलेंच पाहिजे. २०२१ सालीं मृतांपैकीं दोघांच्या विधवांनीं व बचावलेल्या एका शेतकऱ्यानें हा वाद स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या न्यायालयापर्यंत नेला. परंतु कोणत्या बाटलीनें कोणाचा घात केला, हें सिद्ध करणें कठीण. रिकामा डबा फेंकला जातो, आणि रक्तांतील खूण कालांतरानें पुसली जाते.

असाच वाद युद्धभूमीवरही चालत आला आहे. १९९१ च्या आखाती युद्धांत सुमारें ३०० टन निःसत्त्व युरेनियम रणगाडाभेदक गोळ्यांतून वापरलें गेलें. बसरा येथील डॉक्टरांनीं पुढें कर्करोग व जन्मजात व्यंगें वाढल्याचें सांगितलें. जागतिक आरोग्य संघटना व लंडनची रॉयल सोसायटी यांनीं बहुतेकांच्या बाबतींत धोका अल्प मानला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें २००७ पासून या प्रश्नावर ठराव केले. वाद मात्र मिटला नाहीं. युद्धानें व निर्बंधांनीं पोखरलेल्या देशांत रुग्णांची नीट मोजदाद होत नाहीं; आणि जेथें मोजदाद नाहीं तेथें पुरावा कोठून येणार? प्रत्येक रोग युरेनियमच्या माथीं मारणें जसें अशास्त्रीय, तसेंच पुरावा नाहीं म्हणून अपाय नाहीं असें म्हणणेंही अशास्त्रीय होय.

बसऱ्याहून वऱ्हाडची गोष्ट सोपी होती. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालीं १९७१ सालीं जे नियम झाले, त्यांत फवारणी करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी सांगितली होती. स्फुरदयुक्त औषधें हाताळणाऱ्यांच्या रक्तांतील कोलिनेस्टरेज दरमहा मोजावें, असेंही लिहिलें होतें. हा नियम शेताच्या बांधापर्यंत पोंचला असता, तर विष अंगांत भिनूं लागल्याचें माणूस कोसळण्यापूर्वींच कळलें असतें, आणि मागाहून दोष कोणाचा हें ठरविणेंही इतकें अवघड गेलें नसतें. लढाईवर जाणाऱ्या सैनिकाला त्याचें सरकार विषारी वायूपासून वांचण्यासाठीं मुखवटा देतें. त्याच कुळांतील विष पाठीवर वाहणाऱ्या मजुराच्या तोंडाला २०१७ सालीं पुष्कळ ठिकाणीं एक रुमाल होता.