कॉफीचे प्रमाणन व चव

कॉफी कशी पिकवली व कोणत्या अटींवर विकली, याची त्रयस्थ तपासणी करून दिले जाणारे प्रमाणपत्र आणि त्याचा पेयाच्या चवीशी असलेला संबंध. सेंद्रिय, फेअरट्रेड, रेनफॉरेस्ट अलायन्स व बर्ड फ्रेंडली हे परिचित शिक्के. यांपैकी एकासाठीही कॉफी चाखून पाहण्याची अट नाही. त्यामुळे चवीवर होणारा परिणाम अप्रत्यक्षच असतो.

फेअरट्रेड चिन्हाचा आरंभ 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये, मेक्सिकोतील लहान शेतकऱ्यांच्या कॉफीवरील ‘माक्स हाव्हेलार’ शिक्क्याने झाला. भारतात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2001 पासून आहे.

चवचाचणी : प्रत्येक 150 मिलि. पाण्यास 8.25 ग्रॅम भरड पूड घेऊन तीवर सुमारे 93° से. तापमानाचे पाणी ओततात. चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्याने फोडून वास घेतात. मग कॉफी निवत असताना पुन्हा पुन्हा चाखतात, कारण गरम असताना दबलेले दोष थंड झाल्यावर उघडे पडतात. रूढ शंभर गुणांच्या पद्धतीत 80 किंवा अधिक गुण मिळालेली कॉफी ‘स्पेशालिटी’ ठरते. नमुना कोणत्या शिक्क्याचा हे चाखणाऱ्यास कळू न देणे अत्यावश्यक आहे. कच्ची फळे मिसळली तर तुरटपणा येतो, आंबवण लांबली तर आंबूस वास आणि वाळवण ओलसर राहिली तर बुरशीची चव. कपातील बरेवाईट मुख्यतः तोडणी, आंबवण व वाळवण या तीन कामांत ठरते आणि ती बहुतांशी प्रमाणपत्राच्या कक्षेबाहेर राहतात.

लागवड : कोस्टा रिकातील तुरियाल्बा येथील प्रयोगांत सावलीतली फळे सावकाश पिकली, बी मोठे झाले व चव सुधारली, मात्र ती जागा अरेबिकास सखल व उष्ण होती. उंच, थंड जागी हा लाभ तितका दिसत नाही. तांबेरा या पानांच्या रोगावर सेंद्रिय बागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी मर्यादेत चालते. रोगाने पाने झडली की झाडाची उपासमार होते आणि फळ नीट भरत नाही. सेंद्रिय बागेतील बी हलके निघाले तर ही पानगळ त्याचे एक कारण असू शकते. रासायनिक खताच्या वापराने चव बिघडते, हे मत सर्वमान्य नाही.

अराकू : आंध्र प्रदेशाच्या पूर्व घाटातील आदिवासी शेतकऱ्यांची सेंद्रिय अरेबिका. नांदी फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेच्या साह्याने उभ्या राहिलेल्या सहकारी संस्थेमार्फत येथील फळे गोळा होऊन त्यांवर एकत्र प्रक्रिया होते. 2018 मध्ये पॅरिसच्या ‘प्री एपिक्यूर’ स्पर्धेत या कॉफीस सुवर्णपदक मिळाले. हे यश केवळ सेंद्रियतेच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे ठरेल. पिकलेलीच फळे तोडणाऱ्या हातांचा वाटा त्यात मोठा आहे.

दर : फेअरट्रेडने ऑगस्ट 2023 पासून धुतलेल्या अरेबिकाचा किमान दर पौंडास 1.80 डॉलर ठरवला. सेंद्रिय असल्यास 40 सेंट जास्त. हा दर चवगुणांशी जोडलेला नाही. म्हणून उत्तम माल शिक्क्याबाहेर चढ्या भावाने विकला जातो व उरलेला शिक्क्याखाली जातो, असा आक्षेप काही अर्थशास्त्रज्ञ घेतात. त्यावर मतभेद आहेत. दुसरीकडे, पडत्या बाजारात हमीचा दर मिळाला तर शेतकऱ्यास फक्त पिकलेली फळे वेचण्यासाठी एकाच बागेत दोनतीनदा तोडणी करणे परवडते, आणि प्रमाणनाचा चवीला होणारा सर्वांत खरा उपयोग हाच.

रोबस्टा : भारतातील सुमारे 70 टक्के उत्पादन रोबस्टाचे आहे, पण वरील निरीक्षणे मुख्यतः अरेबिकाची आहेत; ती रोबस्टास जशीच्या तशी लागू धरू नयेत.