मतपत्रिकेवरच्या तीन अटी

१२ मार्च १९८६, बुधवार. माद्रिदमधल्या एका शाळेत तुम्ही मतदानाच्या रांगेत उभे आहात. स्पेनने नाटोत राहायचं की बाहेर पडायचं, याचा आज कौल आहे.

तुम्ही समाजवाद्यांचे मतदार. मे १९८२ मध्ये काल्वो-सोतेलो सरकारने जनतेला न विचारता देश नाटोत नेला, तेव्हा तुमच्या पक्षाचे नेते फेलिपे गोन्झालेस कडाडून विरोधात होते. सत्तेवर आलो तर सार्वमत घेऊ, हा शब्द त्यांचाच. आज ते पंतप्रधान आहेत आणि ‘हो’ म्हणा, अशी गळ घालताहेत. त्यात मानुएल फ्रागांच्या उजव्या विरोधी पक्षाला नाटो हवी आहे, तरी तो मतदानाला जाऊ नका म्हणतोय. ऐकायचं कोणाचं?

मतपत्रिका हातात घ्या. प्रश्नाच्या आधीच सरकारचं मत छापलंय: नाटोत राहणं देशहिताचं. विचारणाऱ्यानेच उत्तर सुचवावं, हे गैरच. पण पुढच्या तीन अटी सावकाश वाचा. स्पेन नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेत सामील होणार नाही. स्पेनच्या भूमीवर अण्वस्त्रं बसवायला, साठवायला किंवा आणायला बंदी कायम राहील. अमेरिकेचं इथलं लष्करी अस्तित्व टप्प्याटप्प्याने कमी होईल. तुमचा हात ‘नाही’कडे जात होता. या अटींनी तो थांबवला. तुम्ही ‘हो’ची चिठ्ठी पाकिटात घालता.

रात्री आकडे येतात. मतदान सुमारे ५९ टक्के. ‘हो’ ९० लाखांवर, ‘नाही’ जवळपास ६९ लाख. कातालोनिया, बास्क प्रदेश, नवारा आणि कॅनरी बेटांनी नकार दिलाय. राज्यघटनेच्या ९२व्या कलमाप्रमाणे हा कौल फक्त सल्ल्यापुरता. तरी मी तो वैध मानतो: विरोधकांनी रस्ते दणाणून सोडले होते, आणि ‘नाही’ म्हणायला कोणी अडवलं नव्हतं.

आता नोव्हेंबर १९९६ मध्ये या, संसदेच्या प्रेक्षक सज्जात. पंतप्रधान अस्नार यांच्या सरकारला एकत्रित लष्करी रचनेत पूर्ण सामील व्हायचंय, आणि मोठ्या बहुमताने मंजुरी मिळते. बाजूने मतं टाकणाऱ्यांत गोन्झालेस यांचा पक्षही आहे. एकेकाळचे नाटोविरोधक हावियेर सोलाना तिकडे ब्रसेल्समध्ये नाटोचे सरचिटणीस आहेत.

तुमची पहिली अट गेली. संसदेला अधिकार होता, मान्य. पण ती अट दाखवून मत मागितलं होतं तुमच्याकडे. ती रद्द करायला पुन्हा तुमच्याकडेच यायला हवं होतं. दुसरं सार्वमत झालंच नाही.