वऱ्हाडांतील कांदेनवमी : एका तिथीचा विचार

आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी म्हणतात, हें वऱ्हाडांतील वाचकांस सांगावयास नको. अमरावती व अकोला या बाजूस ज्या घरांत चातुर्मास्य पाळतात, तेथें त्या दिवशीं कांद्याचीं भजीं, कांदा घातलेलीं थालिपीठें, झुणका-भाकर, वांग्याचें भरीत असे पदार्थ करून पोटभर खातात, आणि पुढें कांदा, लसूण व वांगें वर्ज्य मानतात. या दिवसास देवता नाहीं, संकल्प नाहीं, कथा नाहीं, उद्यापनही नाहीं. तथापि हा केवळ जिभेचा सण आहे असें म्हणून तो सोडून देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

प्रथम नांवाचाच विचार करूं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत लशुन, गृंजन व पलांडु हे पदार्थ द्विजांस अभक्ष्य सांगितले आहेत. हा निषेध चार महिन्यांचा नव्हे, बारमास आहे. तो अक्षरशः पाळला जात असता, तर आषाढांत कांदा सोडण्याचें कारणच उरलें नसतें. त्यागापूर्वीं भोग असावा लागतो. अर्थात् कांदेनवमी हें नांवच साक्ष देतें कीं, या घरांत आठ महिने कांदा चालत होता. आणि शास्त्राचा मान राखण्यासाठीं नित्याचा निषेध चातुर्मास्यापुरता मर्यादित करण्यांत आला.

आतां तिथीकडे वळूं. चातुर्मास्य शयनी एकादशीपासून लागतें. मग निरोपाचें भोजन दशमीस न करतां नवमीस कां? ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाल राखेच्या बुधवारीं सुरू होतो. इंग्लंडांत त्याच्या लगतच्या आदल्या मंगळवारीं घरांतील अंडीं, दूध व लोणी संपविण्यासाठीं घावनासारख्या पोळ्या करण्याची चाल आहे. गोव्यांतील इंत्रूजही बुधवारापूर्वींच्या दिवसांतच साजरा होतो. त्याचें नांव ‘प्रवेश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून पोर्तुगीजांमार्फत आलें आहे. या न्यायानें आमचा सण दशमीचा असावयास हवा होता.

याचें उत्तर एकादशीच्या नियमांतच सांपडतें, असें आमचें अनुमान आहे. निर्णयसिंधूपासून (इ. स. १६१२) धर्मसिंधूपर्यंत (इ. स. १७९०) निबंधकारांनीं एकादशीचा विचार सविस्तर केला आहे. हें व्रत दशमीपासूनच लागतें. त्या दिवशीं एकभुक्त राहावें, व कांस्यपात्र, मांस, मसूर, चणे, कोद्रू, शाक, मध, परान्न इत्यादि दहा गोष्टी टाळाव्या, असा परिपाठ आहे. चणे गेले म्हणजे भजीं व झुणका गेला. शाक गेलें म्हणजे भरीत गेलें. पुनर्भोजन गेलें म्हणजे सणाची मौजच गेली. मोकळेपणीं जेवण्याचा शेवटचा दिवस नवमी हाच उरतो. तात्पर्य, ही तिथि ठरविणारे लोक शास्त्र न जाणणारे नव्हते. कांद्याच्या बाबतींत त्यांनीं शास्त्रास वळण दिलें, दशमीच्या बाबतींत तें पाळलें. पावसाळी हवेंत सांठविलेला कांदा सडतो व वांगें बाधतें, असें कारण कित्येक देतात. त्यानें ऋतूचा उलगडा होतो, तिथीचा होत नाहीं.

या त्यागाचें दुसरें टोंकही पाहण्यासारखें आहे. शास्त्रदृष्ट्या चातुर्मास्य कार्तिक शुद्धांत संपतें. परंतु अनेक घरांत कांदा व वांगें मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाला दाखविल्याशिवाय घेत नाहींत. त्या नैवेद्यांत रोडगा, वांग्याचें भरीत, पातीचा कांदा व लसूण असतो. वऱ्हाडी रोडगा जाडसर कणकेचा, गोवऱ्यांच्या विस्तवांत भाजलेला, तुपांत बुडवून खावयाचा. पळसाच्या पानांत भाजले म्हणजे पानगे. त्यास तवाही लागत नाहीं. विष्णूच्या शयनाबरोबर सोडलेलें अन्न मल्हारीच्या प्रसादानें परत मिळावें, यांत स्मार्त आचार व लोकदैवत यांची सांगड स्पष्ट दिसते.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. आमच्याकडे पोथी रेशमी बासनांत राहते आणि घरखर्चाचें मोडी बाड रद्दींत जातें. पोथी काय खावें हें सांगते; काय आणलें हें वहीच सांगते. देशमुख-देशपांड्यांच्या दप्तरांतील मितीवार रोजकीर्द हातीं आली, तर आषाढ शुद्ध नवमी व मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी या दोन तिथींच्या आसपासचीं पानें अवश्य वाचावीं. नवमीस कांदे, बेसन व तेल यांचा खर्च पडलेला असेल, आणि त्यानंतर षष्ठीपर्यंत कांद्याची नोंद नसेल, तर या चालीचा काळ अनुमानावर न राहतां शकासह सांगतां येईल. असें एक जीर्ण पानही या कामीं शंभर तर्कांहून अधिक मोलाचें ठरेल.